तमाराला आलेलं पत्र

तीन वर्षं आमच्या घरी संक्रांतीला तिळगूळ, हळदीकुंकू आणि एक रशियन सिनेमा असे तीन कार्यक्रम होत. पहिल्या दोनांचं कुणाला नवल वाटत नाही. तिसऱ्याचं सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. विनिपेगमध्ये तेव्हा जी दहा-बारा मराठी घरं होती, ती संक्रांतीजवळच्या रविवारी दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये जमत. बाहेर उणे तीस, इंजिन गोठू नये म्हणून गाड्यांच्या वायरी आमच्या गराजच्या प्लगांत खुपसलेल्या, दारात बुटांचा हा एवढा ढीग, आणि आत काठपदराच्या साड्यांखाली लोकरीचे जाड मोजे घातलेल्या बायका. वर ओट्यावर आई गुळाच्या पोळ्या करत असायची. टोरोंटोहून कुणी ना कुणी गुळाची ढेप आणून द्यायचं आणि आई ती वर्षभर पुरवायची. पोळ्या झाल्या, वाणं लुटून झाली, की बाबा टीव्हीशेजारी एक लाकडी खुर्ची ओढायचे, घसा खाकरायचे आणि व्हीसीआरचं बटण दाबायचे.

बाबा सांगलीचे. स्कॉलरशिप मिळून सोव्हिएत युनियनमध्ये गेले, सहा वर्षं धातुशास्त्र शिकले, परत येऊन आईशी लग्न केलं, आणि तिला घेऊन कॅनडात आले ते विनिपेगच्या एका ओतकामाच्या कारखान्यात चिकटले. रशिया त्यांच्या अंगातून काही गेला नाही. शहराच्या उत्तरेला एक दुकान होतं, तिथे काळा पाव आणि खारवलेली काकडी मिळायची, आणि मागच्या खोलीत रशियन सिनेमांच्या टेप. त्यातलीच एक त्यांनी घरी आणली. तिला इंग्रजी अक्षरं नव्हती, तेव्हा भाषांतर बाबांनीच करायचं ठरलं. रशियात म्हणे परदेशी सिनेमा दाखवताना एकच माणूस सगळ्या पात्रांचे संवाद वाचतो, बाईचे, बुवाचे, पोराचे, आणि तेही अगदी सपाट आवाजात, रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगावं तसं. भाषांतर करणाऱ्यानं नाटक करायचं नसतं, असं बाबा सांगायचे. त्यामुळे पडद्यावर बाई ओक्साबोक्शी रडत असायची आणि बाबा थंडपणे म्हणायचे, “माझं आयुष्य फुकट गेलं.” बायका हसून हसून लोळायच्या.

सिनेमा होता तमाराचा. तमारा एका मोठ्या शहरात ट्रामच्या डेपोत काम करायची, कुठली ट्राम केव्हा सोडायची ते ठरवायचं काम. नवरा गेना, गुबगुबीत, प्रेमळ, अकॉर्डियन वाजवणारा आणि घरात कवडीचा उपयोग नसलेला. एवढ्याशा फ्लॅटमध्ये कपाट असं बसवलेलं, की ते उघडलं की बाहेरचं दार उघडायचं नाही. एक दिवस तमाराला पत्र येतं. लांब राहणाऱ्या तिच्या आईचं, आजारी आहे, येऊन जा म्हणून. बायको जाईल या भीतीनं गेना ते पत्र अकॉर्डियनच्या पेटीत लपवतो. मग तो ते लपवतो कसा, पेटी चुकून शेजारच्याकडे जाते कशी, याच्यावर पाऊण तास धमाल. शेवटी तमाराला पत्र सापडतं, दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, आणि ती माहेरी निघते. स्टेशनवर गेना तिचे विसरलेले बूट घेऊन धावत येतो, दोघं रडतात, हसतात, आणि ती सांगते, आठ दिवसांत येते, लोणचं फडताळात आहे. गाडी सुटते, सिनेमा संपतो. आईचं पत्र टाइप केलेलं आणि वर सरकारी शिक्का कसा, असं मी पहिल्याच वेळी विचारलं होतं. बाबा म्हणाले, तिकडे सगळंच सरकारी असतं. सगळे हसले, मीही हसले. पंधरा वर्षांची होते मी, पण अक्कल बेताचीच.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी. लग्नाआधी ती कॉलेजात शिकवायची. विनिपेगमध्ये ती एका लॅबमध्ये अर्धा दिवस काचेची भांडी धुवायची आणि घरी येऊन आमची भांडी धुवायची, असं ती स्वतःच हसत सांगायची. ती टेप घरात आली त्याच हिवाळ्यात तिला रेजिनाहून एक पत्र आलं होतं. सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची नोकरी, तिच्या शिक्षणाला साजेशी. रेजिना गाडीनं सहा तासांवर. माझी धाकटी बहीण मुक्ता तेव्हा सात वर्षांची. आईनं बाबांना विचारलं, काय करू? बाबा म्हणाले, तुझं तू ठरव, माझी काही हरकत नाही. ते पत्र दोन आठवडे मसाल्याच्या डब्यामागे उभं होतं. मग आईनं नाही कळवून टाकलं. कुणी अडवलं नव्हतं, कुणी जा म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळे तिला रागावायलाही कुणी नव्हतं. भात टाकताना ती गप्प असायची, एवढंच मला आठवतं. पण तमारा तिची फार आवडती. गेनानं पत्र लपवलं की आई दरवेळी म्हणायची, “मेला वेडाच आहे, आठ दिवसांसाठी कुणी एवढं करतं का?”

आता माझ्याकडे भाड्यानं राहणारा विद्यार्थी, नागपूरचा आहे, फोनवर जगातला कुठलाही सिनेमा लावतो आणि खाली मराठी अक्षरं आणतो. परवा म्हणाला, “काकू, ट्रान्सलेशन एकदम ॲक्युरेट असतं आता.” मी म्हटलं, असेल बाबा. आमच्या वेळी भाषांतर करणारा माणूस समोर बसलेला असायचा, त्याच्या हातची पोळी आपण खाल्लेली असायची नाही, पण त्याच्या पगारावर घर चालायचं, आणि त्याच्या शब्दावर शंका घ्यायची आपल्याला रीतच नव्हती. त्या पोराला यातलं काही कळलं नाही. त्यानं मान हलवली आणि पुन्हा फोनमध्ये तोंड घातलं.

अकरावीला शाळेत मी रशियन घेतलं. बाबांना त्याचा केवढा अभिमान. अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली. दुसऱ्या वर्षी आमच्या बाईंनी एखाद्या रशियन सिनेमावर एक पानभर लिहून आणायला सांगितलं. मी कशाला नवा सिनेमा बघते? तमारा मला तोंडपाठ होती. आईचं आजारपण, लपवलेलं पत्र, माहेरची वाट, सगळं झोकात लिहून दिलं. चार दिवसांनी बाईंनी मला थांबवून घेतलं. बाई मूळच्या रशियातल्या, त्यांनी तो सिनेमा तिकडे तरुणपणी पाहिला होता. त्यांनी विचारलं, तू हा कुठला सिनेमा पाहिलास? तमाराला आईच नाही. सिनेमाच्या सुरुवातीलाच ती आईच्या थडग्यावर फुलं ठेवते.

त्या दृश्याला बाबा म्हणायचे, बागेत फिरायला गेली आहे.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी शाळेतून लवकर घरी आले. आई कामावर, मुक्ता शाळेत. बेसमेंटमध्ये डिक्शनरी मांडीवर घेऊन, टेप मागेपुढे करत, मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला. पत्र नोकरीचं होतं. दूर उत्तरेला एक नवं शहर उभं राहत होतं, तिथल्या ट्राम डेपोची मुख्य म्हणून तमाराला बोलावलं होतं. अर्ज तिनं स्वतःच, गेनाला न सांगता केलेला. स्वयंपाकघरातल्या भांडणात ती गेनाला सांगते, “अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडतेय.” बाबांच्या मराठीत ती तिथे म्हणायची, “आईला औषध कोण देणार?” मला आधी हसू आलं. मग एकदम मसाल्याचा डबा आठवला. म्हणजे आईचं पत्र घरात असताना, त्याच आठवड्यात, बाबांनी त्या खुर्चीत बसून सिनेमातलं पत्र बदललं होतं. आणि माझी काही हरकत नाही असं म्हणणारेही तेच.

मी ते महिनाभर कुणाला सांगितलं नाही. हे मी माझ्या मोठेपणाचं लक्षण म्हणून सांगत नाहीये. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटत होती. बाबांचं काहीतरी माझ्या मुठीत होतं. त्याच सुमारास रेजिनाहून आईला दुसरं पत्र आलं. तीच प्रयोगशाळा, आता आणखी वरची जागा, जानेवारी संपायच्या आत उत्तर द्या. आईनं विचारलं. बाबा पुन्हा तेच म्हणाले, तुझं तू ठरव. आणि मी लंडनच्या युनिव्हर्सिटीत अर्ज केला होता. लंडन म्हणजे आपलं ओंटारिओतलं, दोन दिवसांच्या ड्राइव्हवरचं. मला घराबाहेर पडायचं होतं, इतकं की रात्री झोपताना त्या कॉलेजच्या माहितीपुस्तकातला फोटो बघून झोपायची. त्या संक्रांतीच्या रविवारी सकाळी, बाबा ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसून आत आले तेव्हा मी लंडनचा विषय काढला. ते बूट काढत म्हणाले, “आधी आईचं काय ते ठरू दे. घर असं दोन्हीकडून मोकळं नाही करता येत.” मग म्हणाले, “बघू.” बाबांचं बघू म्हणजे काय हे मला सतरा वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं.

तर दुपारी सगळे जमले. डॉक्टर काका-काकू, बँकेतले जोशी, नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी, तिला थंडीनं रडूच येत होतं. आई पोळ्यांवर तूप सोडत मधूनच खाली यायची आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून सिनेमा बघायची. बाबा रंगात आले होते. पोस्टमन आला, तमारानं दार उघडलं, कपाट आडवं आलं, सगळे हसले. गेनानं पाकीट उघडलं. बाबा त्या सपाट आवाजात वाचू लागले, “प्रिय तमारा, माझी तब्येत बरी नाही...”

मी उभी राहिले आणि म्हणाले, “ते तिच्या आईचं पत्र नाही. नोकरीचं आहे. तिची आई मेलेली आहे.”

कुणाला वाटलं मी विनोद करतेय. डॉक्टरकाका म्हणाले, अगं, बाबा सहा वर्षं तिकडे होते. मी म्हटलं, म्हणून तर त्यांना चांगलं माहीत आहे. आणि मग मी थांबले नाही. ती बाग नाही, कबरस्तान आहे. ती माहेरी जात नाही, नोकरीवर जाते, सगळं सोडून. बाबांनी हे मुद्दाम बदललं, आईला रेजिनाचं पत्र आलं होतं म्हणून. दहा घरांसमोर, हळदीकुंकवाच्या दिवशी. रेजिनाचं त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. घरातली गोष्ट आईनं कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती, ती मी चव्हाट्यावर मांडली. आजही ते आठवलं की मी एकटी असले तरी तोंड फिरवते. मला आईसाठी बोलायचं नव्हतं. मला बाबांना दुखवायचं होतं, आणि हाताशी ते सापडलं.

बाबांनी टेप बंद केली नाही आणि भाषांतरही केलं नाही. पुढचा तासभर सिनेमा नुसता रशियनमध्ये चालू राहिला आणि पाहुणे तो न कळता बघत बसले, कारण उठून जाणं आणखी वाईट दिसलं असतं. आई वर गेली. तिनं प्रत्येकाला पोळी वाढली, आग्रह केला, नव्या मुलीची ओटी भरली. सगळ्यांनी नेहमीपेक्षा लवकर कोट चढवले. जोशीकाकूंनी जाताना माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हणाल्या, सवयीनं.

साडेपाच वाजले असतील, बाहेर अंधारून आलं होतं. आईनं हात पुसले, खाली आली, टेप स्वतः मागे नेली आणि जमिनीवर सतरंजीवर बसली. मुक्ता तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. आई बाबांना म्हणाली, “आता नीट सांगा.”

बाबा खुर्चीत बसले. मला वाटलं, ते काहीतरी समजावतील, टाळतील. पण त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. कबरस्तान म्हणाले. नोकरीचं पत्र शिक्क्यासकट वाचलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, चढ नाही, उतार नाही. गेना पत्र लपवत होता, शेजारी अकॉर्डियन वाजवायला बघत होता, एरवी जिथे हसायचो त्या सगळ्या जागा आल्या आणि गेल्या. भांडणात तमारा म्हणाली ते म्हणाले, गेना म्हणाला तेही म्हणाले. मला तीन संक्रांतींपासून तो आवाज ऐकायची सवय, पण एकाच माणसानं दोघांची बाजू मांडणं म्हणजे काय, ते त्या संध्याकाळी मी ऐकलं. मग स्टेशन आलं. गेना बूट घेऊन धावला. बाबा म्हणाले, “परत येशील?” आणि लगेच, त्याच आवाजात, “येईन म्हटलं तर गाडीत चढता येणार नाही. म्हणून विचारू नकोस.” गाडी हलली. बाबांनी चष्मा काढून हातात धरला.

आईनं विचारलं, “आणि पुढे?”

“पुढे नाही. इथेच संपतो.”

आई म्हणाली, “तुम्ही नको जाऊस म्हणाला असतात, तर मी भांडले असते. कदाचित भांडून इथे राहिलेही असते. पण तुम्ही मला भांडूच दिलं नाहीत.” तिचा आवाज चढला नव्हता. बाबा म्हणाले, त्यांना नाही म्हणायचं नव्हतं, आणि ती जावी असंही वाटत नव्हतं, आणि दोन्ही एका तोंडानं कसं सांगायचं ते त्यांना कळलं नाही. आई म्हणाली, “मग आता सांगा.” बाबांनी सांगितलं, “जाऊ नकोस.” आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, दोन वर्षांपूर्वी ते दोन शब्द तिला मिळाले असते तर आमचं घर वेगळं झालं असतं, पण हे मी आज म्हणतेय. ती उठली, मुक्ताला उठवलं आणि तिला घेऊन वर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं रेजिनाला हो कळवलं.

मार्चच्या शेवटी बाबाच तिला सोडायला गेले. आईचा विचार मुक्ताला बरोबर न्यायचा होता. मुक्तानं बाथरूमचं दार आतून लावून घेतलं आणि ओरडून सांगितलं, “आय ॲम नॉट मूव्हिंग. माय फ्रेंड्स आर हिअर.” आईनं दाराबाहेर बसून तिला किती समजावलं, शेवटी ठरलं की शाळेचं वर्ष संपेपर्यंत तिनं इथेच राहायचं, मग बघू. बघू हा शब्द आईच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जाताना तिनं मला कणकेचा डबा, डाळींचे डबे, मुक्ताचं सर्दीचं औषध कुठे आहे ते दाखवलं. त्या रविवारबद्दल ती मला एक अक्षर बोलली नाही, तेव्हा नाही आणि पुढेही नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग घर असं चाललं: बाबांची शिफ्ट पहाटे, मुक्ताची बस आठला, ती घरी परत साडेतीनला. साडेतीनला दार उघडायला कुणीतरी हवं होतं. मी वरण-भात शिकले, पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या, त्या बाबा न बोलता खायचे. आई दर दुसऱ्या शनिवारी बसनं यायची, डबे भरायची, रविवारी परत जायची. तिची पाठ सरळ झाली होती. ती लॅबमधल्या तिच्या हाताखालच्या दोन मुलींबद्दल बोलायची, विहिरींच्या पाण्याबद्दल बोलायची, आणि बोलताना हात हलवायची. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. ती आणि बाबा एकमेकांशी फार नीट वागायचे, पाहुण्यांशी वागावं तसं. पुढे तेवीस वर्षं ती रेजिनाला राहिली. बाबा तिकडे कधी राहायला गेले नाहीत.

लंडनचं पत्र एप्रिलच्या अखेरीस आलं. दारावरच्या टपालपेटीतून बाबांनीच आणलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. जाड पाकीट होतं. जाड पाकीट म्हणजे हो, पातळ म्हणजे नाही, हे आमच्या वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि बाबांनाही. मुक्ता खालच्या खोलीत टीव्ही बघत होती. मी ते उघडून वाचलं, राहायच्या खोलीचा फॉर्मसुद्धा वाचला, परत घडी करून ठेवलं. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. मुक्ताचा खोकला, दुधाचं काय, सगळं विचारून झाल्यावर तिनं विचारलं, लंडनचं काही कळलं का गं? मला माहीत होतं, हो म्हटलं तर ती त्याच आठवड्यात नोकरी सोडून परत येईल. तिला दुसरं काही सुचलंच नसतं. बाबा कांदा चिरत होते, त्यांचा हात थांबला.

मी म्हटलं, “नाही मिळाली ॲडमिशन. रिजेक्ट केलं.”

आईला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, जाऊ दे, विनिपेगची युनिव्हर्सिटी काही वाईट नाही, आणि तू घरी आहेस म्हणून मी इथे निर्धास्त झोपते. मी फोन ठेवला. बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, तिला सांगायचं नाही. त्यांनी मान हलवली. त्या एका बाबतीत त्यांनी माझा शब्द शेवटपर्यंत मोडला नाही. त्यांच्या मागून आई चार वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दिवसांत ती नर्सला माझी ओळख करून द्यायची, ही माझी मोठी, अभ्यासात हुशार होती, पण हिला लंडनवाल्यांनी घेतलं नाही. आणि मी शेजारी उभी राहून, हो म्हणायची.